एका पैची रात्र

नाथमहाराजांची ती गोष्ट आपण पुष्कळ कीर्तनांत ऐकली असेल. देवगिरीस जनार्दनस्वामींकडे हिशेबाचे काम नाथांवर होते. एके दिवशी ताळा जमेना, एका पैची चूक राहिली. नाथांनी रात्रभर दिव्याच्या उजेडात वह्या चाळल्या आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली. आम्ही ही गोष्ट सांगू लागलो की मंडपातून कोणीतरी हटकून म्हणतो, "महाराज, पैपेक्षा तेलच जास्त जळलं की हो!" सगळे हसतात, आम्हीही हसतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोट लहान असली तर ती सोडून द्यावी काय? आणि पुढे भरून काढण्याचा हेतू असेल, तर तिला खोट म्हणावे काय?

याचे उत्तर आम्हांस आपल्याच काळातील एका कंपनीच्या कथेत सापडले. हैदराबादेस संगणकाची कामे करणारी 'सत्यम्' नावाची मोठी कंपनी होती. नाव पाहा कसे! नपुंसकलिंगी प्रथमेचे एकवचन, अर्थ 'खरे'. २००८ साली उत्तम कारभाराबद्दल तिला पारितोषिकही मिळाले. आणि ७ जानेवारी २००९ रोजी तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून स्वतःच कबूल केले की, ताळेबंदात रोकड व बँकेतील शिल्लक म्हणून दाखविलेल्या ५,३६१ कोटी रुपयांपैकी ५,०४० कोटी रुपये मुळी नाहीतच!

त्या पत्रातील एक गोष्ट आमच्या मनात रुतून बसली. प्रारंभी खरा नफा आणि दाखविलेला नफा यांत थोडेसेच अंतर होते, ते वर्षानुवर्षे वाढत गेले. शेवटी वाघावर बसल्यासारखी गत झाली, उतरावे तर वाघ खाणार. थोडेसेच अंतर! म्हणजे आपली पैच की नाही? या तिमाहीत थोडे वाढवून दाखवू, पुढच्या तिमाहीत भरून काढू, एवढाच विचार. पण खोटा नफा एकदा वहीत शिरला की पुढचा नफा त्याहून मोठा दाखवावा लागतो. तो पैसा बँकेत दिसला पाहिजे, म्हणून ठेवींचे खोटे कागद येतात. काम झाले असे दिसले पाहिजे, म्हणून खोटी बिले येतात. खोट्यालाही चक्रवाढ व्याज असते, बरे का.

मग तपासणारे काय करीत होते? बँकेस स्वतः विचारून शिल्लक पडताळावी, हा लेखापरीक्षणाचा साधा नियम. कागद पुढे आला, सही झाली, आणि वर्षे गेली. एप्रिल २०१५ मध्ये न्यायालयाने दहा जणांस दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा दिली. त्यांत दोघे लेखापरीक्षक होते. पुढे अपील होऊन त्यांना जामीन मिळाला.

सरकारनेही कुंपण घट्ट केले. २०१३ च्या कंपनी कायद्याने लफड्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली. मोठ्या कंपन्यांनी ठराविक वर्षांनी लेखापरीक्षक बदलावा, आणि त्यास मोठी अफरातफर आढळली तर त्याने सरकारला कळवावे, असे ठरले. लेखापरीक्षकांवर देखरेख करणारे राष्ट्रीय प्राधिकरणही २०१८ साली आले.

कोणी म्हणेल, कायद्याने का माणूस प्रामाणिक होतो? पण मनुस्मृतीत वादाचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत 'निक्षेप' म्हणजे विश्वासाने दिलेली ठेव आहे, आणि 'संभूयसमुत्थान' म्हणजे अनेकांनी मिळून केलेला धंदाही आहे. धर्म सांगणाऱ्यांनीच हे नियम घातले, कारण मन कसे घसरते हे ते ओळखून होते. कायदा चोरी उघडी पाडील, चोरास धाक घालील. पण पहिली पै जिथे बुडते तिथे वही आणि आपण, दोघेच असतो.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून सांगत नाही. आमच्या दिंडीचा हिशेब पुष्कळ वर्षे आम्हीच लिहीत होतो. एके साली पंढरपुरास पोचल्यावर ताळा पाहिला, तो साठ रुपये कमी. अंग दुखत होते. आम्ही 'किरकोळ' असे लिहिले आणि निजलो. पुढल्या साली अकराशे कमी आले, आणि लेखणी आपोआप त्याच शब्दाकडे वळली! तेव्हा मात्र हात थांबला. रात्रभर शोधले. टेम्पोवाल्यास दिलेली उचल लिहायची राहिली होती. काल्याच्या दिवशी दोन्ही सालांची चूक सर्वांपुढे सांगितली. लाज वाटली. एक आजी म्हणाल्या, "महाराज, बरं केलंत सांगितलंत. त्यात माझ्याबी भाकरीचं पीठ हाय." त्या सालापासून वही दुसरे दोघे तपासतात.

अकराशे सापडले. साठ रुपये आजवर सापडले नाहीत, कारण त्या रात्री आम्ही शोधले नाहीत.

तेव्हा मंडपातल्या त्या भल्या माणसास आमचे उत्तर असे. तेल जास्त जळले, हे खरेच. पण ती पै दुसऱ्याची होती, आणि सापडण्याजोगी ती त्याच रात्री होती. आपणांपैकी कोणी पतपेढीचा, कोणी मंडळाचा, कोणी दुकानाचा हिशेब लिहीत असेल. आज निजण्यापूर्वी आपल्या वहीत 'किरकोळ' कुठे लिहिले आहे, तेवढे एकदा पाहावे, ही विनंती.