खडपावरची वस्ती

ओहोटी लागली आहे. खडपाच्या काठाला, कोरड्या जागी बसा. श्वास त्याच्या चालीने चालू द्या. समोरच्या कातळावर पांढुरके, खरखरीत ठिपके आहेत. त्यांतला एकच निवडा आणि नजर तिथे टेकवा.

हा बार्नॅकल. वाटतो दगडाचाच कण, पण आहे खेकड्या-कोळंबीच्या कुळातला. फार काळ त्याला शिंपल्यांच्या गोतात धरत. 1830 मध्ये जॉन व्हॉन थॉम्पसनने त्याच्या पिल्लांविषयीची निरीक्षणं प्रसिद्ध केली, तेव्हा खरं नातं कळलं. ती पिल्लं पोहतात. हाही कधीतरी पोहत होता, जेमतेम दिसेल एवढा, प्रवाहासोबत वाहत, कात टाकत.

मग एक दिवस त्याचं खाणंच थांबलं. साठवलेल्या चरबीवर तो जागा शोधू लागला. मिशांनी कातळ चाचपायचा, दोन पावलं चालायचं, पुन्हा चाचपायचं. पटलं नाही तर सोडून द्यायचं. आपल्या जातीची वस्ती असल्याची खूण लागली, तिथे तो रेंगाळला. शेवटी डोकं टेकवून चिकटला, तो जन्मभरासाठी.

या चाचपण्यापाशी जरा थांबा. पुढे जायची घाई नाही. इतक्याशा जिवाने केवढ्या सावकाश ठरवलं! आणि शेजार पाहून ठरवलं, कारण हलता येत नसेल तर जोडीदार आवाक्यात हवा.

आता ऊन अंगावर घ्या. कातळही तापतो आहे. बार्नॅकलच्या माथ्यावरची झडपं घट्ट मिटलेली आहेत आणि आत समुद्राचं थोडं पाणी राखलेलं आहे. वरच्या रांगेतल्यांना जास्त वाट पाहावी लागते. भांगाच्या दिवसांत तर पाणी तिथवर पोचतही नाही. पाणी आलं की झडपं उघडतील, पिसांसारखे पाय बाहेर येतील आणि पाण्यातले बारीक घास ओढून घेतील.

होडीच्या बुडाला लागलेला बार्नॅकल खरवडून काढावा लागतो, हे खरंच. पण चार्ल्स डार्विनने 1846 ते 1854 अशी आठ वर्षं या प्राण्यांना दिली. आपल्या किनाऱ्यावरही आढळणाऱ्या अँफिट्राइट जातीचं वर्णन त्याचंच. मला ती आठ वर्षं मुळीच जास्त वाटत नाहीत.

बसा अजून. भरती चढू लागली की उठा. परतताना पाऊल मोकळ्या कातळावर टाका; रिकाम्या कवचांतही बारीक गोगलगायी ओलाव्याला बसलेल्या असतात.