झीज आणि दोष

खेळणाऱ्याचा अंगठा कंट्रोलरच्या स्टिकला लागलेला नसतानाही पडद्यावरचे पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागते, त्या बिघाडाला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. व्हिडिओ गेमच्या अनेक आधुनिक कंट्रोलरांत तो आढळतो, पण त्याची खरी कुप्रसिद्धी झाली ती ‘जॉय-कॉन’मुळे. निन्टेन्डो कंपनीचे ‘स्विच’ हे कॉन्सोल ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आले. त्याच्या दोन्ही कडांना बसवता येणारे आणि हवे तेव्हा काढून हातात धरता येणारे दोन छोटे कंट्रोलर म्हणजे जॉय-कॉन. प्रत्येक स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी आणि एक उभ्या. जुन्या रेडिओचा आवाज कमी-जास्त करणारी खुंटी ज्या तत्त्वावर चाले, तेच हे तत्त्व. कार्बनचा पातळ थर दिलेल्या पट्टीवरून धातूची बारीक जीभ घासत जाते, आणि ती जिथे टेकते त्या जागेनुसार विद्युतदाब बदलतो. स्टिक मधोमध उभी असताना हा दाब किती असतो, याची नोंद यंत्राजवळ असते. घासून घासून कार्बन झिजला, त्याची पूड किंवा बाहेरची धूळ मध्ये अडकली, की मधल्या जागेचा दाब बदलतो. रेडिओत हीच झीज खरखर होऊन ऐकू येई. कंट्रोलरमध्ये ती हालचाल होऊन दिसते. कोणीतरी स्टिक कलती केली, एवढाच अर्थ यंत्र लावते. कोणी केली, हे विचारण्याची सोय त्यात नाही.

अशा वस्तूशी मालकाने कसे वागावे, हा प्रश्न वरवर दुरुस्तीचा वाटतो. त्याच्या मुळाशी मात्र एक जुना तात्त्विक पेच आहे. जे बिघडते ते वस्तुमात्राच्या स्वभावानुसार बिघडते, की कोणाच्या तरी कृतीमुळे? पहिल्या प्रकाराला झीज म्हणावे, दुसऱ्याला दोष. पाटा-वरवंट्याला पुन्हा टाकी लावावी लागते, ती झीज. पाटा आणला त्याच दिवशी त्याला चीर होती, तर तो दोष. ड्रिफ्टचा पेच असा, की इथे दोष झिजेच्या रूपाने येतो. पेटी उघडली त्या दिवशी स्टिक निर्दोष असते. बिघाड येतो तो महिन्यांनी, कधी वर्षांनी, वापरातून. त्यामुळे बनवणाऱ्याला म्हणता येते की वापरली म्हणून झिजली, आणि वापरणाऱ्याला म्हणता येते की वापरण्यासाठीच तर घेतली होती.

हा पेच भारतीय व्यवहारशास्त्राला अपरिचित नव्हता. विकलेला किंवा विकत घेतलेला माल परत करण्याच्या वादाला धर्मशास्त्रात ‘क्रयविक्रयानुशय’ असे स्वतंत्र नाव आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात या व्यवहाराचा विचार करताना मालातले वैगुण्य म्हणजे ‘दोष’ आणि राजा, चोर, अग्नी किंवा पाणी यांच्यामुळे ओढवलेली आपत्ती म्हणजे ‘उपनिपात’ असा भेद केला आहे. याज्ञवल्क्य स्मृती आणखी एक पाऊल पुढे जाते. माल पारखून घेण्याची मुदत ती वस्तूगणिक वेगळी ठरवते: लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओढकामाच्या जनावराला पाच, रत्नाला सात आणि बियाण्याला दहा दिवस. या आकड्यांमागची समज आजही मोलाची आहे. प्रत्येक वस्तूतला दोष आपापल्या वेळाने उघड होतो. लोखंडातला दोष घण मारताच कळतो, गाईचा तीन दिवस दोहन केल्यावर, बियाण्याचा ते रुजले की नाही यावरून. दोष उशिरा दिसला म्हणून तो उशिरा जन्मला, असे शास्त्रकार मानत नाहीत. स्टिकमधला दोष बियाण्याच्या जातीचा आहे. तो पेरून वाट पाहिल्यावरच दिसतो, आणि त्याची मुदत लोखंडाच्या मापाने मोजणे अन्यायाचे ठरते.

पण उशिरा दिसणारी प्रत्येक गोष्ट दोष नसते, हेही तितकेच खरे. घासणारा कोणताही भाग झिजणारच. मग झीज कुठे संपते आणि दोष कुठे सुरू होतो? यासाठी दोन कसोट्या लावता येतात. पहिली प्रयोजनाची. कंट्रोलरची स्टिक फिरवण्यासाठीच असते. शोभेची फुलदाणी आपटल्यावर फुटली तर तिला दोष देता येत नाही, कारण आपटणे हे तिचे प्रयोजन नव्हे. स्टिक मात्र सामान्यपणे फिरवूनच निकामी होत असेल, तर ती स्वतःचे प्रयोजनच पेलू शकत नाही. दुसरी कसोटी पर्यायाची. एडविन हॉल या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवून दिले की विद्युतप्रवाह वाहणाऱ्या पट्टीवर चुंबकीय क्षेत्राचा मोजता येईल असा परिणाम होतो. या तत्त्वावर चालणाऱ्या स्टिकमध्ये चुंबक आणि संवेदक एकमेकांना न शिवताच काम करतात, त्यामुळे कार्बन झिजण्याचा प्रश्नच येत नाही. सेगा कंपनीने १९९० च्या दशकातच, ‘ड्रीमकास्ट’ कॉन्सोलच्या कंट्रोलरमध्ये, ही रचना वापरली होती. म्हणजे पर्याय ठाऊक होता. पोटेन्शिओमीटर स्वस्त पडतो आणि लहान जागेत मावतो, ही त्याची बाजू. जॉय-कॉन बोटभर जाडीचे असल्याने ती खोटीही नाही. तरी हा निसर्गाने लादलेला अपरिहार्य नियम नव्हता, ती एक निवड होती. आणि निवड आली की निवड करणारा आला, त्याच्यासोबत उत्तरदायित्वही आले.

याहून खोल प्रश्न कर्तृत्वाचा आहे. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. त्यातले करण म्हणजे साधन. चांगल्या साधनाची खूण ही की ते जाणवत नाही. सराईत लिहिणाऱ्याला टाक आठवत नाही, अक्षर आठवते. विसाव्या शतकात मार्टिन हायडेगर या जर्मन तत्त्वज्ञाने हातोड्याच्या उदाहरणाने हेच मांडले. काम नीट चालू असते तोवर हातोडा हाताचा भाग असतो, तो बिघडला की समोर येऊन ‘वस्तू’ म्हणून उभा राहतो. ड्रिफ्ट याच्याही पुढे जातो. बिघडलेला हातोडा निदान स्वतःहून ठोकत नाही. बिघडलेली स्टिक स्वतःहून चालते. ‘खेळाडू स्टिकने पात्र चालवतो’ या वाक्यातली तृतीया इथे प्रथमा होते: स्टिक पात्र चालवते. व्याकरणशास्त्रात कर्ता स्वतंत्र असतो आणि करण त्याच्या अधीन. इथे करणाने कर्त्याची जागा घेतलेली असते, आणि ज्याला कर्ता व्हायचे होते तो प्रेक्षक झालेला असतो.

खेळात याची किंमत विशेष मोठी असते, आणि खेळ न खेळणाऱ्यांच्या ती सहसा लक्षात येत नाही. खेळाचा सगळा आनंद एका कराराने बांधलेला असतो: उडी चुकली तर ती खेळणाऱ्याची चूक, जमली तर त्याचे कौशल्य. दरीत पडलेला खेळाडू पुन्हा उठून प्रयत्न करतो, कारण पडण्याचे कारण आपल्या हातात होते आणि म्हणून सुधारणाही आपल्याच हातात आहे, यावर त्याचा विश्वास असतो. ड्रिफ्ट या विश्वासाला कीड लावतो. बिघाड सतत नसतो, मधूनच येतो. म्हणून प्रत्येक अपयशामागे शंका उभी राहते, अंगठा चुकला की स्टिक? हळूहळू खेळाडूला स्वतःच्या चुकीची मालकीही उरत नाही. दहा-बारा वर्षांचे मूल अशा कंट्रोलरवर खेळताना स्वतःलाच कमी लेखू लागते. दोष साधनात असू शकतो, हे त्याला अजून कोणी सांगितलेले नसते. एवढ्याशा यंत्राने एका मुलाच्या प्रयत्नाचे फळ त्याच्या नकळत दुसरीकडे वळवावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही.

मग सहनशीलतेचे काय? अद्वैत वेदान्तात साधकाने अंगी बाणवायच्या सहा संपत्तींत तितिक्षा येते. विवेकचूडामणी या ग्रंथात तिचा अर्थ दिला आहे तो असा, की दुःख प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप न करता सोसावे. रोमन काळातला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस जवळपास याच वाटेने जातो. काय आपल्या हाती आहे आणि काय नाही, हे ओळखावे आणि जे नाही त्याचा खेद करू नये. या शिकवणी वाचून कोणी म्हणेल, की स्टिक सरकते तर सरकू द्यावी, खेळच तर आहे. पण गीता जेव्हा सोसायला सांगते तेव्हा उदाहरण देते ते थंडी-उन्हाचे, सुखदुःखांच्या येण्याजाण्याचे. थंडीला कर्ता नाही. उन्हाने हमीपत्र दिलेले नसते. तितिक्षेचा विषय हा निसर्गदत्त द्वंद्वांचा आहे. ती बाजारातल्या मालाला लावली, तर सोसणाऱ्याचा सद्गुण विकणाऱ्याची सोय होऊन बसतो. शिवाय तितिक्षा ज्याची त्याने स्वतःकडून मागायची असते. दुसऱ्याला, त्यातही पैसे मोजणाऱ्याला, ती उपदेशणे हा शब्दाचा गैरवापर आहे. कौटिल्याने चौथ्या अधिकरणाच्या आरंभीच कारागिरांपासून लोकांचे रक्षण हा विषय घेतला आहे. विणकर, सोनार यांनी कामात कसूर केली तर दंड काय, हे तो सांगतो. गिऱ्हाइकाला वैराग्य शिकवत नाही.

एपिक्टेटसचा भेद तरीही टाकून देण्याजोगा नाही. रात्री दहा वाजता स्टिक सरकू लागली, तर त्या क्षणी त्रागा करून कार्बन परत येणार नाही. मनाची शांती आणि तक्रारीचा हक्क यांत विरोध नाही. शांत मनानेही दावा दाखल करता येतो, आणि बहुधा अधिक चांगला करता येतो.

सहनशीलतेऐवजी कोणी वस्तूविषयीच्या कृतज्ञतेकडे बोट दाखवील. निन्टेन्डोचे मूळ गाव क्योटो. १८८९ मध्ये तिथेच हानाफुदा नावाचे पत्ते बनवून या कंपनीची सुरुवात झाली. त्याच शहरात, आणि जपानमध्ये इतरत्रही, ‘हारी-कुयो’ नावाचा विधी होतो. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया देवळात आणून मऊ टोफूत खोचतात आणि त्यांच्या सेवेबद्दल आभार मानतात. क्योटोच्या बाजूला तो ८ डिसेंबरला होतो, तोक्योकडे ८ फेब्रुवारीला. खंडेनवमीला कोयता, करवत, शिलाई यंत्र पुजणाऱ्या मराठी घराला या विधीतला भाव समजावून सांगावा लागत नाही. आयुष्यभर कठीण कापडात घुसलेल्या सुईला शेवटी मऊ जागा मिळावी, ही कल्पना फार हळुवार आहे. मात्र ही कृतज्ञता ज्या सुईला मिळते, तिने आपले काम पूर्ण केलेले असते. पहिल्याच टाक्याला मोडलेल्या सुईची कुयो करणे आणि विक्रेत्याला काहीच न विचारणे, याने त्या विधीचाच अर्थ हरवेल. फुटलेले भांडे सोन्याच्या रेघेने सांधण्याच्या जपानी कलेचा दाखलाही अलीकडे सदोष वस्तूंच्या समर्थनासाठी दिला जातो. ते भांडे कुंभाराने तडा ठेवून घडवलेले नसते, एवढे आठवले की तो दाखला गळून पडतो.

प्रत्यक्षात दावे झाले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत जॉय-कॉनबाबत सामूहिक खटला दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली, मात्र खटला चालू असल्याचे कारण देत अधिक बोलणे टाळले. जानेवारी २०२१ मध्ये युरोपातील ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारी गोळा करून युरोपीय आयोगाकडे धाव घेतली, आणि २०२३ मध्ये युरोपातल्या ग्राहकांना हमीची मुदत संपल्यावरही मोफत दुरुस्ती देण्याचे कंपनीने मान्य केले. याज्ञवल्क्याच्या भाषेत सांगायचे तर बियाण्याला बियाण्याची मुदत मिळाली. भारतात मात्र स्विच अधिकृतपणे विकलेच जात नाही. मुंबई-पुण्यातल्या घरांत ते पोचते परदेशातल्या नातेवाइकांच्या सामानातून किंवा आयात माल विकणाऱ्या दुकानांतून. इथल्या मालकाला दाद मागायला समोर कोणी उरत नाही, आणि त्याची स्टिक बदलली जाते ती लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातल्या कारागिराच्या टेबलावर. जॉय-कॉनचे कवच तीन पात्यांच्या वेगळ्याच खाचेच्या स्क्रूंनी बंद केलेले असते. घरातला नेहमीचा पेचकस तिथे चालत नाही. वस्तू मालकाची असली तरी तिचे आतले जग त्याच्यासाठी नाही, असेच हा स्क्रू सांगतो.

दुरुस्ती होईतोवर जगायचे कसे, याची घरगुती उत्तरे खेळाडूंनी शोधली आहेत. स्टिकच्या मुळाशी हवेचा झोत मारणे, संपर्क साफ करणारा फवारा देणे, कवच उघडून स्टिकच्या मागे पुठ्ठ्याचा मिलिमीटरभर जाडीचा तुकडा सरकवणे, आणि सेटिंगमध्ये जाऊन पुन्हा कॅलिब्रेशन करणे, म्हणजे यंत्राला मधली जागा नव्याने शिकवणे. सर्वांत विचार करायला लावणारा उपाय आहे ‘डेड झोन’ वाढवण्याचा. मध्यबिंदूभोवतीच्या एका वर्तुळातले सगळे संकेत यंत्राने ऐकायचेच नाहीत, असे त्यात ठरवता येते. वर्तुळ मोठे केले की ड्रिफ्ट दिसेनासा होतो. पण अंगठ्याची हलकी, हळुवार हालचालही त्याच वर्तुळात पडते. पात्राला सावकाश चालवणे, नेम केसभर हलवणे आता जमत नाही. खोटा संकेत ऐकायचा नाही म्हणून खरा पण हळू आवाजातला संकेतही बहिरेपणात बुडतो. दोषासोबत जगण्याची ही नेमकी किंमत आहे, आणि ती मालक गुपचूप, रोज थोडी थोडी मोजतो.

५ जून २०२५ रोजी आलेल्या ‘स्विच २’ च्या स्टिक कंपनीने नव्याने घडवल्या, पण त्या हॉल तत्त्वावर चालत नाहीत. सोनीने २०२३ मध्ये ‘ड्युअलसेन्स एज’ या महागड्या कंट्रोलरमध्ये वेगळी वाट घेतली. तिथे झिजलेली स्टिक मालकाला स्वतःच काढून नवी बसवता येते. झीज होणार हे बनवणाऱ्याने आधीच कबूल केले आणि ती भरून काढण्याचे साधन मालकाच्या हाती दिले. मात्र ही सोय जास्त पैसे मोजणाऱ्यालाच मिळते. सोनीच्या साध्या कंट्रोलरची स्टिक आजही सर्किटच्या पटलावर डागून बसवलेली असते.