अंडं कुणाचं?

चि. मैत्रेयीस,

जुन्नर-अकोल्याच्या उसातल्या बिबट्यांची विष्ठा जंतांसाठी तपासायचं काम तू घेतलंस, वाचून फार बरं वाटलं. जनावराला न पकडता, बेशुद्ध न करता त्याच्या आतड्यातलं कळतं, म्हणून मला हे काम प्रिय आहे. वनखात्याची लेखी परवानगी हाती येईपर्यंत मात्र तुकडाही उचलू नकोस.

आधी तुझ्या जिवाचं. टीनिया आणि एकिनोकॉकस या पट्टकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली अगदी सारखी दिसतात. डीएनए तपासल्याशिवाय फरक कळत नाही. एकिनोकॉकसचं अंडं माणसाच्या पोटात गेलं तर यकृतात, फुप्फुसात पाण्याची गाठ वाढते. शिवाय बांधावरची विष्ठा बिबट्याची की गावच्या कुत्र्याची, हे नजरेनं नेहमी ठरत नाही. अल्कोहोलात बुडवली किंवा साध्या फ्रीजरमध्ये ठेवली की अंडी मेली, असं धरू नकोस. उणे 80 अंशांत आठवडाभर ठेवून मगच उघड. काही नाजूक अंडी त्यात बिघडतील, बिघडू देत. हातमोजे आणि मास्क आहेतच.

आता मुख्य गोष्ट. दिसलेलं प्रत्येक अंडं बिबट्याच्या जंताचं नसतं. त्यानं शेळी खाल्ली तर शेळीच्या आतड्यातली मोनिएझियाची अंडी, आयमेरियाच्या पुटिका त्याच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात. कुत्रा खाल्ला तर कुत्र्याच्या टॉक्सोकाराची अंडीही. म्हणून त्याच विष्ठेतले केस तपास. भक्ष्य कोणतं ते केसांवरून कळलं की अंड्याचा मालक शोधणं सोपं जातं. नमुना विष्ठेच्या आतून घे. मातीला टेकलेल्या भागात जमिनीतले मुक्तजीवी कृमी शिरतात आणि त्यांच्या अळ्या फार फसवतात.

अंडी वेगळी करताना मिठाच्या संपृक्त द्रावणावर सगळीच तरंगत नाहीत. खेकड्यांतून येणाऱ्या, फुप्फुसात राहणाऱ्या पॅरागोनिमसची अंडी खोकल्याबरोबर घशात येऊन गिळली जातात आणि विष्ठेत उतरतात. ती जड असतात, तळाशी बसतात. गाळ टाकून देशील तर ती कधीच दिसणार नाहीत. एका नमुन्यात काही सापडलं नाही, तर ‘निर्जंत’ असं लिहू नकोस. जंत रोज अंडी घालतीलच असं नाही.

तुझा अहवाल वाचून कुणीतरी विचारेल, मांसातून जंताचं औषध देऊ या का? ठाम नकार दे. रानातल्या धडधाकट बिबट्याच्या पोटात जंत असणं हा आजार नव्हे, आणि औषध किती, कुणाच्या पोटात गेलं हेही कळणार नाही. काही करायचंच असेल, तर एकिनोकॉकस रोखण्यासाठी खाटकाकडची आतडी-काळजं कुत्र्यांपुढे टाकणं बंद करायला सांग आणि गावातल्या कुत्र्यांना जंताचं औषध द्यायला लाव. त्यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात भेट.

संशयास्पद अंड्यांचे फोटो पाठवत जा, पण मोजपट्टी दिसेल असे. मापाशिवाय मी नाव सांगणार नाही.

तुझा,
काका