डेड मून : घरची तबकडी

‘डेड मून’ हा बँड 1987 साली अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात उभा राहिला, तेव्हा त्याचा गायक-गिटारवादक फ्रेड कोल चाळिशीच्या उंबरठ्यावर होता. बास गिटार वाजवणारी टूडी ही त्याची बायको, त्याच्याच वयाची. ड्रमवर दोघांहून बराच तरुण अँड्र्यू लूमिस. रॉकमध्ये या वयाची माणसे बहुधा आठवणींवर जगू लागलेली असतात.

कोलपाशी आठवणी होत्याही, त्या गॅरेज रॉकच्या. गॅरेज रॉक म्हणजे 1960च्या दशकात अमेरिकी पोरांनी घराच्या गॅरेजात तालमी करून उभे केलेले खरखरीत, मोजक्या कॉर्डांचे संगीत. त्याच काळात कोल ‘द वीड्स’मध्ये गात होता. व्हिएतनाम युद्धाची सक्तीची लष्करभरती चुकवायला हा बँड कॅनडाकडे निघाला आणि पोर्टलंडमध्ये गाडीतले पेट्रोल संपले. टूडी कोलला तिथेच भेटली. पुढे व्यवस्थापकाने बँडचे नाव परस्पर बदलून ‘द लॉलिपॉप शॉप’ केले. 1968 साली त्या नावाने एक अल्बम निघाला आणि बँड मोडला. आपल्या नावावरही आपला हक्क राहत नाही, हा धडा कोलला विशीच्या आतबाहेरच मिळाला. डेड मूनची सारी कारकीर्द त्या धड्याचे उत्तर म्हणून वाचता येते.

ते उत्तर अवजारांचे होते. तबकडीचा मूळ साचा कोरणारे 1950च्या दशकातले, प्रेस्टो बनावटीचे मोनो, म्हणजे सारा आवाज एकाच वाहिनीत कोरणारे, यंत्र कोलने मिळवले. किंग्जमेन या बँडचे ‘लुई लुई’, म्हणजे गॅरेज रॉकचे जणू कुलदैवत, याच यंत्रावर कोरले गेले असे सांगतात. साचा कोल स्वतः कोरी आणि तबकडी ‘टूमस्टोन’ या घरच्याच लेबलवर निघे. ‘इन द ग्रेव्हयार्ड’ हा पहिला अल्बम 1988चा. स्टिरिओ तोवर केव्हाच रुळला होता. मोनोत आवाज दाटतो, वाद्ये एकमेकांत घुसतात, काही गाणी गढूळही होतात, हे मान्य करायला हवे. पण साचा ज्याच्या हातात, त्याला कोणाच्या मंजुरीसाठी ताटकळावे लागत नाही.

अशा बँडला ‘भूमिगत’ म्हणतात. मराठीत हा शब्द ऐकला की बेचाळीसची चळवळ आठवते. इथे अर्थ साधा आहे : मोठ्या कंपन्यांच्या आणि रेडिओच्या वाटेला न गेलेला बँड. या स्वातंत्र्याचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण त्यामागे कोल जोडप्याचे वाद्यांचे दुकान होते. त्यांनी घरही स्वतःच्या हातांनी बांधले होते. जर्मनीतल्या ‘म्युझिक मेनियॅक’ कंपनीने तबकड्या काढल्यामुळे युरोपात बँडला मायदेशापेक्षा मोठा श्रोतृवर्ग लाभला. शेजारच्या सिअ‍ॅटलमधून 1991च्या सुमारास ग्रंज या रॉकशैलीची लाट उठली. तिच्यातल्या पर्ल जॅम या बँडने पुढे मैफलींत डेड मूनचे ‘इट्स ओके’ गायले. डेड मून मात्र छोट्या जागांतच वाजत राहिला, ड्रमवर बाटलीत खोचलेली मेणबत्ती लावून.

2006 साली बँड थांबला. त्याच वर्षी सिअ‍ॅटलच्या ‘सब पॉप’ कंपनीने निवडक गाण्यांचा संच काढला. कोल जोडपे लगेच ‘पिअर्स्ड अ‍ॅरोज’ या नव्या बँडला लागले. लूमिस 2016मध्ये वारला. ऑक्टोबर 2017मध्ये पोर्टलंड शहराने डेड मूनचा गौरव केला. पुढच्याच महिन्यात, 9 नोव्हेंबरला, एकोणसत्तराव्या वर्षी फ्रेड कोलचे निधन झाले.