भरलेल्या कागदाची सवय

आमच्याकडे शाळेत चित्रकला म्हणजे कागद भरणं. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली मुलं पांढरी जागा राहिली तर गुण जातील या धास्तीने आभाळसुद्धा कडेपर्यंत गच्च रंगवून टाकतात. दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आमच्या लोणी भापकरसारख्या गावातली पोरंही या परीक्षांना आवर्जून बसतात. त्यात गैर काही नाही. पण चित्राकडे बघण्याची पहिली, आणि बहुतेकांची शेवटचीही, सवय इथेच लागते. जितकं जास्त काढलं, तितकं चित्र मोठं.

या सवयीच्या डोळ्यांपुढे चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं जवळजवळ रिकामं दिसणारं चित्र ठेवलं की शिक्षक, पालक, विद्यार्थी सगळे एकच म्हणतात, यात आहे काय? हे तर आमचं पोरगंही काढेल. हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. त्याला नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते मौन, शून्य, ध्यान असले जडशीळ शब्द फेकून देता येणार नाही. त्या शब्दांनी विचारणारा गप्प बसतो, त्याला चित्र दिसत नाही.

गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. घराणं गोव्याचं, वाढले गिरगावातल्या चाळीत. १९४८ मध्ये त्यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांची सुरुवातीची चित्रं ओकीबोकी नव्हती. त्यांत माणसं होती, लघुचित्रांतले सपाट, झगझगीत रंग होते, पुढे युरोपीय चित्रकार पॉल क्लेच्या वळणाची रेषा आली. आकृती काढता येत नव्हती म्हणून सोडली, असा हा प्रकार नाही. चांगली हातात असलेली गोष्ट त्यांनी पन्नासच्या दशकात हळूहळू खाली ठेवली. १९५७ मध्ये टोकियोच्या तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात पारितोषिक मिळालं, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, १९७१ मध्ये पद्मश्री मिळाली. मान मिळत गेला तसतशी चित्रातली गर्दी कमीच होत गेली.

ती कशी कमी झाली हे समजून घेण्यासारखं आहे, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच आहे. गायतोंडे कॅनव्हासवर रंगाचा थर देत, त्यावर रोलर फिरवत, पॅलेट नाइफने रंग ओढत, खरवडत. कापलेले, फाडलेले कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलत. उचलताना काही जागचा रंग निघून जातो, काही जागी नवा ठसा उमटतो. मग पुन्हा पातळ थर, पुन्हा काढणं. आपल्याला दिसतं ते एका पिवळ्या किंवा राखाडी पसाऱ्यात तरंगणारे दोन-चार अस्फुट आकार. पण त्या पसाऱ्याखाली किती काय येऊन गेलेलं असतं! म्हणूनच वर्षाकाठी त्यांचे जेमतेम पाच-सहा कॅनव्हास पुरे होत. थोडं दिसतं याचा अर्थ थोडं केलं असा होत नाही.

हे मी वर्गात मुलांना करायला देतो. पोस्टर कलर, भिंत रंगवायचा जुना रोलर, वर्तमानपत्राचे तुकडे. पहिले दोन-तीन ठसे सगळ्यांचेच देखणे येतात. मग हात थांबत नाही. आणखी एक तुकडा, आणखी एक रंग, आणि बघता बघता कागदाचा चिखल होतो. सातवीतली एक मुलगी मात्र मधेच थांबली. कागद भिंतीला टेकवला, लांब जाऊन बसली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘सर, आता इथं हात लावला तर बिघडंल ना?’ ‘पोरगंही काढेल’ या आक्षेपाला माझं उत्तर हे आहे. पोराला जरूर काढू द्या, आणि तो कुठे थांबतो ते शेजारी बसून बघा.

काढण्याचं असं, तर बघण्याचं काय? लोणी भापकरच्या माणसाला तरी सावकाश बघण्याची रीत परकी वाटू नये. आमच्या गावातला यज्ञवराह (विष्णूच्या वराहरूपाची मूर्ती) अंगभर लहान-लहान मूर्तींनी कोरलेला आहे. तो अप्रतिम आहे. भरण्यातही थोर कला असते, हे कोण नाकारेल? मल्लिकार्जुनाच्या देवळातही कोरीव दगड जागोजाग थांबवतो. पण गाभाऱ्यापाशी आलं की हे सगळं मागे राहतं. उन्हातून आलेल्याला आत आधी काहीच दिसत नाही. डोळे रुळले की पिंडीची कड उमटते, मग ओलीची चकाकी, मग दगडादगडातला फरक. गायतोंडेंचं चित्र याच चालीनं उघडतं. ते देवाधर्माची चित्रं काढत होते असं मला सुचवायचं नाही. झेन विचार त्यांना जवळचा होता, पण चित्रात कुठल्या पंथाची खूण नाही. मी बोलतोय ते फक्त डोळ्याला लागणाऱ्या वेळेबद्दल. देवळात तो वेळ आपण कुरकुर न करता देतो आणि चित्राला नाकारतो.

मोबाइलवर तर हा वेळ देताच येत नाही. तिथे गायतोंडे म्हणजे पिवळा डाग. थरांची जाडी नाही, खरवडलेली कड नाही. आणि मूळ चित्रं? ती बातमीत भेटतात. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचा एक कॅनव्हास २३.७ कोटींना गेला, २०२५ मध्ये दुसरा ६७.०८ कोटींना. हे चित्रकार स्वतः मात्र दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये साध्या बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत राहिले. १९८४ मध्ये झालेल्या अपघातानंतर मोठे कॅनव्हास झेपेनात, तेव्हा काही काळ कागदावर शाईची लहान चित्रं केली. २००१ मध्ये ते गेले. या माणसाबद्दल मराठी घरात माहीत असलेली एकमेव गोष्ट किंमत असावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘चिन्ह’ या कलाविषयक प्रकाशनाच्या सतीश नाईक यांनी त्यांच्यावर मराठीत मोठं काम केलं आहे. ते शाळांच्या ग्रंथालयांत असायला हवं.

गायतोंडेंसारखंच चित्रातलं कमी करत गेलेल्या नसरीन मोहमदी तर बातमीतही येत नाहीत. कराचीत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या या चित्रकर्तीने मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम केलं, तिथेच गायतोंडेंचा सहवास लाभला. पुढे त्यांनी रंगही सोडला. उरली शाई, पेन्सिल आणि कागदावरच्या बारीक सरळ रेषा. चित्रांना नावं नाहीत, बहुतेकांवर तारखाही नाहीत. आजाराने हातावरचा ताबा सुटत चालला असताना त्या रेषा अधिकच नेमक्या होत गेल्या. १९९० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला त्या वारल्या. किहीमला सहली जातात, त्यांतल्या किती जणांना हे नाव ऐकून माहीत असेल?

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. बारामती, इंदापूरकडच्या शाळांच्या सहली मुंबईला गेटवेपर्यंत जातातच. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. तिथल्या जहांगीर निकल्सन संग्रहात गायतोंडे आहेत. प्रदर्शनं बदलती असतात, तेव्हा शिक्षकांनी आधी फोन करून काय लावलंय ते विचारावं. मग सगळी दालनं पळत उरकण्याऐवजी मुलांना एकाच चित्रासमोर अर्धा तास जमिनीवर बसवावं. माहिती सांगू नये, वहीत टिपणं काढायला लावू नये. सहलीच्या वेळापत्रकात हा अर्धा तास राणीच्या बागेतून कापून घ्यावा लागला तरी चालेल.