हिशोबात मे महिना धर

चि. सोन्यास,

दहा होल्स्टीन गायींच्या गोठ्याचा तुझा हिशोब पाहिला. पेंड, औषधपाणी, बँकेचा हप्ता, सगळं धरलंस. फक्त दूध बाराही महिने सारखंच धरलंस.

ही गाय मूळची हॉलंडकडची. पारा 25 अंशांच्या वर गेला की तिला जड जातं, आणि आपल्या सांगोला-पंढरपूरकडे उन्हाळ्यात तो 40 ओलांडतो. गाय उन्हाने दगावली तर गावभर होतं, पण तोटा त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. पोटात वैरण आंबताना उष्णता निघते, म्हणून उन्हात गाय आपणहून खाणं कमी करते. धापा टाकताना लाळ गळते. त्या लाळेतला सोडा एरवी पोटातलं आम्ल मारत असतो. तो जमिनीवर सांडला की पोट बिघडतं आणि डेअरीत फॅट घसरते. मग आपण पेंडवाल्याला शिव्या घालतो. (कधीकधी त्या त्याला लागूही पडतात म्हणा.)

उन्हाळ्यात गाय भरवली तरी उलटते. म्हशीचा तर माज मुकाच जातो. एकदा उलटली की पुढच्या माजापर्यंत 21 दिवसांची वैरण अंगावर.

सगळ्यात दुर्लक्ष होतं ते आटवलेल्या गाभण गायीकडे. दूध नाही म्हणून तिला कडेच्या उन्हात बांधतात. विण्याआधीचे दोन महिने तिला ऊन लागलं, तर वासरू हलकं निघतं आणि गाय पुढचं अख्खं वेत दूध कमी देते. सावलीची पहिली जागा तिची.

तू फॉगरला पैसे धरलेत. बुटक्या पत्र्याखाली, वारा नसताना फॉगर लावला तर गोठ्यात नुसती वाफ कोंडते. कोरड्या उन्हापेक्षा दमट उकाडा गायीला जास्त मारतो. आधी पत्रा उंच घे, बाजू उघड्या ठेव, पाणी चोवीस तास समोर हवं. वैरण पहाटे आणि रात्री टाक.

मार्च 2022 आठव. 1901 पासूनच्या नोंदींत देशभरात एवढा तापलेला मार्च नव्हता. उत्तरेत ऐन दाणा भरताना गहू चिमला, मे महिन्यात सरकारने निर्यात थांबवली, पेपरात मथळे आले. गोठ्यातला तोटा मात्र दहा दिवसांच्या बिलात विरून जातो.

ऊन सोसणारी खिलार गाय पाळ असं मी म्हणणार नाही. तिच्या दुधावर हप्ता फिटत नाही. पण दहाऐवजी पाच गायी घे, त्यात दोन-तीन गीर संकरित बघ, आणि उरलेला पैसा गोठ्यात नि पाण्यात घाल. एप्रिल-मेचं दूध वेगळं, कमी धरून हिशोब पुन्हा मांड. हप्ता त्यातूनही निघत असेल, तरच बँकेच्या कागदावर सही कर.

तुझा,
काका