वाढे आणि वतन

शास्त्रपाठ : रूथ ४:१-१२, याकोब ५:४

दिवाळी सरली की आमच्या कामरेजच्या आसपास ऊसतोडीचा हंगाम सुरू होतो. डांग, नवापूर, नंदुरबार, धुळे या भागांतील आदिवासी कुटुंबे येतात आणि शेताच्या कडेला पाल ठोकून उन्हाळ्यापर्यंत राहतात. नवराबायकोच्या जोडीला इकडे ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाच्या वहीत माणसे मोजली जात नाहीत, कोयते मोजले जातात. घर सोडतानाच घेतलेली उचल फिटता फिटता हंगाम संपतो. उसाच्या शेंड्याचे हिरवे वाढे मात्र मजुरांना मिळतात. बाया त्यांच्या पेंढ्या बांधून गुरांसाठी विकतात आणि त्यातून मीठमिरची आणतात.

नाताळापूर्वी आमची मंडळी या पडावांवर ब्लँकेटे वाटते. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी तेथे रूथच्या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायावर बोललो. बवाजाने रूथला सरवा वेचू दिला, एवढेच नव्हे तर तिच्यासाठी पेंढ्यांतली कणसे मुद्दाम टाकायला सांगितली, हे मी रंगवून सांगितले. प्रार्थना झाल्यावर नवापूरकडील एक वयस्कर विश्वासी बंधू जवळ आले. म्हणाले, “प्रचारक भाऊ, सरव्याचं कळलं. पण ते शेत शेवटी कुणाच्या नावावर झालं?”

मला उत्तर देता आले नाही. “काका, उद्या सांगतो,” म्हणून मी घरी आलो आणि रात्री चौथा अध्याय उघडला. कापणीच्या सणाला कितीतरी वर्षे मी हा उपदेश केला होता. परंतु प्रत्येक वेळी दुसऱ्या अध्यायापाशीच थांबलो होतो!

चौथ्या अध्यायात बवाज नगराच्या वेशीत बसतो, दहा वडिलांना साक्षीला बोलावतो आणि नामीच्या शेताची गोष्ट काढतो. त्याच्याहून जवळचा एक आप्त आहे. शेत घ्यायला तो लगेच तयार होतो. पण शेताबरोबर रूथलाही पदरी घ्यावे लागेल आणि मृताचे नाव त्याच्या वतनावर कायम ठेवावे लागेल, हे ऐकताच तो मागे सरतो. त्याला आपल्या वतनाची हानी होईल अशी भीती वाटते. त्याला जमीन हवी होती, माणसे नको होती. स्वतःचे वतन जपणाऱ्या त्या माणसाचे नावही शास्त्रात उरले नाही!

वाचकहो, सरवा आणि वतन यांतला हा फरक आहे. सरवा वेचू देणे ही नियमशास्त्राची आज्ञा आहे, ती मोडू नये. पण सरवा देणारा मालकच राहतो आणि वेचणारा वेचणाराच. वतनात मात्र नाव लागते, आणि ज्याचे नाव लागते त्याला विचारावे लागते.

आता आपल्या भागाकडे पाहू. १९५० च्या दशकापासून दक्षिण गुजरातेत सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्याने भाग घेतला आणि तो कारखान्याचा धनी झाला. ही मोठी चांगली गोष्ट घडली. पण भागधारक होण्यासाठी उसाची जमीन लागते. ऊस तोडणाऱ्याचे नाव त्या यादीत कोठून येणार? ऊस वाढतो तापीच्या कालव्यांवर. काकरापारचा बंधारा झाला, पुढे १९७२ मध्ये उकाई धरण पुरे झाले, आणि त्याच्या जलाशयाखाली आदिवासींचीच गावे गेली. ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले त्यांच्याच समाजातील माणसे त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला येतात. वाढे त्यांचे, बाकी आपले! शेत कापणाऱ्यांच्या अडकलेल्या मजुरीविषयी याकोबाने लिहिले ते आठवले की साखर गोड लागत नाही.

कोणी म्हणेल, “त्यांना भाग दिला तर ते विकून टाकतील, तोटा आला तर काय करतील?” भाग म्हणजे जोखीम, हे खरेच आहे. परंतु देवाने नियमशास्त्रात वतन कायमचे विकू नये असा बंद घातला, तो गरीब माणूस मूर्ख म्हणून नव्हे, तर अडचण कोणावरही येते म्हणून. तसा बंद आपल्यालाही घालता येतो.

शिवाय हा विचार नवा नाही. १९४७ साली, बाळ गंगाधर खेर यांच्या सरकारच्या काळात, मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. ठेकेदाराला बाजूला सारून लाकूड तोडणारे आदिवासीच भागधारक सभासद झाले. मजुरी सुधारली, पण अनेक ठिकाणी कारभार बाहेरच्यांच्याच हाती राहिला. नाव लागले, तोंड उघडले नाही. दूर कॅनडात २०२२ साली तेवीस आदिवासी समाजांनी मिळून सात तेलवाहिन्यांमध्ये ११.५७ टक्के भाग घेतला. किंमत सुमारे ११२ कोटी कॅनेडियन डॉलर. त्यांच्या कर्जातील २५ कोटींना अल्बर्टा प्रांताच्या महामंडळाने हमी दिली. पूर्वी ज्यांच्या भूमीवरून नळ जात ते आता मिळकतीचे वाटेकरी झाले. तरीही प्रश्न उरतोच : जी भूमी मुळात त्यांची, तिच्यावरच्या धंद्यात वाटा मिळवायला त्यांनी कर्ज का काढावे? उत्तर सोपे नाही. पण सरव्यापेक्षा हा प्रश्न पुष्कळ पुढचा आहे.

मग आपण काय करावे? ब्लँकेटे देणे थांबवू नये. थंडी खरी आहे. मात्र ज्यांचे कारखान्यात भाग आहेत त्यांनी वार्षिक सभेत तोडणाऱ्यांच्या वाट्याचा विषय काढावा. ज्या मंडळीत पतपेढी आहे तिने या बंधुभगिनींना कर्जदार म्हणून नव्हे, तर भाग आणि मत असलेले सभासद म्हणून घ्यावे. आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी रूथची गोष्ट मुलांना चौथ्या अध्यायापर्यंत सांगावी.

दुसऱ्या दिवशी मी पडावावर गेलो, तर ती टोळी दुसऱ्या गावी हलली होती. काकांना द्यायचे उत्तर माझ्याकडेच राहिले : शेत मृताच्या नावे राहिले, आणि त्या घरात जन्मलेल्या मुलाच्या वंशात दावीद आला, पुढे प्रभू येशू आला. हे उत्तर त्यांच्यापर्यंत केवळ शब्दांनी पोहोचवायचे नाही, याची आठवण प्रभू आपणा सर्वांना देवो.